रजोनिवृत्ती तपासणी शिबिर आणि तेथे मिळालेल्या ‘अँटिऑक्सिडंट’ कॅप्सूल : सहा महिन्यांनंतरचे परीक्षण

गेल्या माघात मालवण तालुक्यातील आमच्या किनाऱ्यालगतच्या गावी, देवळाच्या सभामंडपात, चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठी एक दिवसाचे रजोनिवृत्ती आरोग्य शिबिर भरले होते. तपासणीचे ३०० रुपये घेतले गेले आणि तपासणी झालेल्या जवळजवळ प्रत्येकीला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी करणाऱ्या’ कॅप्सूलचा तीन बाटल्यांचा संच ४,२०० रुपयांना सुचवण्यात आला. मी तपासणी करून घेतली, संचही घेतला आणि दोन महिने कॅप्सूल नियमाने घेतल्या. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. याच धर्तीची शिबिरे निरनिराळ्या नावांनी भरत असतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सगळ्यांना लागू आहे.

जे चांगले होते ते आधी सांगते. सभामंडपात त्या दिवशी साठ-सत्तर बायका जमल्या होत्या. पाळी लांबल्याचे, रात्री अंगातून वाफा निघून झोपमोड होत असल्याचे, विनाकारण रडू येत असल्याचे आम्ही एकमेकींसमोर उघडपणे बोललो, आणि असे बोलणे माझ्या आठवणीत आमच्या गावात प्रथमच झाले. शिबिरातील मुली अदबीने वागत होत्या, म्हाताऱ्या बायकांचे शांतपणे ऐकून घेत होत्या. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, आणि भारतीय स्त्रियांत ती सरासरीने ४६ वर्षांच्या आसपास येते, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षे आधीच, ही माहिती त्यांनी बरोबर दिली. तेथवर त्या शिबिराला मी पूर्ण गुण देते.

तपासणी मात्र अशी होती. टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेली एक लहान पेटी आणि त्या पेटीला जोडलेली वीतभर लांबीची धातूची कांडी. नाव, वय, उंची, वजन आणि ‘स्त्री’ एवढी नोंद लॅपटॉपवर करायची, मग ती कांडी मुठीत घट्ट धरून मिनिटभर स्वस्थ बसायचे. मिनिट संपले की प्रिंटरमधून पस्तीस पानांचा अहवाल बाहेर येई. त्यात हाडांतील खनिज, रक्तवाहिन्यांची लवचीकता, संप्रेरके (हार्मोन), कोलेजन आणि ‘फ्री रॅडिकल’ यांचे आकडे दशांश चिन्हानंतर तीन अंकांपर्यंत छापलेले असत. पाळी कधी गेली, गर्भाशय काढले आहे का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारला नाही.

माझा क्रमांक आला तेव्हा नेमकी मला वाफ आली होती. मान आणि छाती तापली होती, तळहात घामाने ओले झाले होते आणि तशाच ओल्या मुठीत मी कांडी धरली. अहवालात फ्री रॅडिकल ‘अतिशय वाढलेले’ आणि हाडांतील खनिजाची ‘तीव्र कमतरता’ असे आले. जेवणानंतर गर्दी ओसरल्यावर, मनात शंका आली म्हणून, हात धुऊन कोरडे करून मी पुन्हा तपासणी करण्याची विनंती केली. त्या मुलीने ती मानलीही. या वेळी दोन्ही ठिकाणी ‘सौम्य’ असा शेरा आला. हाडांतील खनिज दीड तासात बदलत नाही.

मुठीत धरलेल्या कांडीला फार तर त्वचेतून वीज किती सहज वाहते एवढे कळू शकते, आणि ते मुख्यतः घामावर अवलंबून असते. गंमत नव्हे, हे शास्त्रातही वापरले जाते. गरम वाफांवर संशोधन करणारे लोक स्त्रीच्या छातीच्या मधल्या हाडावर दोन पट्ट्या चिकटवून त्वचेची विद्युतवाहकता मोजतात आणि ती एकदम उसळली की एक वाफ आली अशी नोंद करतात. म्हणजे त्या यंत्राने माझ्याबद्दल काही खरे टिपले असलेच, तर मला त्या क्षणी घाम फुटला होता एवढेच. हाडांची घनता पाहायची तर डेक्सा नावाची क्ष-किरण तपासणी करावी लागते. कमरेच्या मणक्यांचे आणि खुब्याचे मोजमाप घेऊन टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, काढतात. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर हाडे ठिसूळ झाली असे मानले जाते. आमच्याकडच्या बायकांना त्यासाठी बहुधा कोल्हापूर किंवा गोवा गाठावे लागते, आणि ही गैरसोय आहे म्हणूनच मुठीतल्या कांडीवर विश्वास ठेवावासा वाटतो, हे मी समजू शकते.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही कल्पना मुळात खोटी नाही, आणि म्हणूनच ती विकायला सोपी जाते. आपल्या पेशींतील तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात, तेव्हा थोडे अर्धवट प्रक्रिया झालेले, अतिशय क्रियाशील रेणू, म्हणजेच फ्री रॅडिकल किंवा मुक्त मूलके, निसटतात. त्यांना आवर घालणारी विकरे (एन्झाइम) शरीर स्वतःच तयार करते. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही त्यांतील प्रमुख. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक ही विकरे वाढवायला मदत करते. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन घटले की हा आवर सैल होऊन ताण, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, वाढतो, आणि त्याचा संबंध हाडे झिजवणाऱ्या पेशी अधिक कामाला लागण्याशी, रक्तातील वाईट कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण होऊन रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होण्याशी आणि त्वचा कोरडी पडण्याशी जोडला जातो. येथपर्यंतचे सगळे अहवालाच्या पहिल्या पानावर छापलेले होते आणि ते ठीकच होते. पण हा ताण मोजायचा तर रक्तातील किंवा लघवीतील मॅलोनडायअल्डिहाइड, आयसोप्रोस्टेन यांसारखे पदार्थ प्रयोगशाळेत तपासावे लागतात. हे मोजमाप संशोधनासाठी होते. एखाद्या बाईचा आकडा इतका आला म्हणून तिने अमुक औषध घ्यावे, असे ठरवण्यासाठी डॉक्टर ते वापरत नाहीत.

आता बाटलीबद्दल, कारण ४,२०० रुपये मी त्यासाठी मोजले. लेबल मी भिंग घेऊन वाचले. समोर मोठ्या अक्षरांत रजोनिवृत्तीचे सगळे त्रास दूर करण्याचे आश्वासन होते. मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असे होते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार पूरक आहारावर हे छापावेच लागते, त्यामुळे बाटलीची खरी ओळख त्या मागच्या ओळीत आहे, समोरच्या चित्रात नाही. घटकांत ई जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व, बायोटिन (ब गटातील एक जीवनसत्त्व) ५ मिलिग्रॅम, लोह आणि ‘कोकम अर्क’ ५० मिलिग्रॅम असे लिहिले होते. खाली ‘ओरॅक’ नावाचा एक मोठा आकडा होता. परीक्षानळीत एखादा पदार्थ ऑक्सिडीकरण किती रोखतो याचे ते माप आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने आपली ओरॅक मूल्यांची यादी २०१२ सालीच संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण या मूल्यांचा शरीरातील परिणामाशी मेळ बसत नाही आणि जाहिरातीत त्यांचा गैरवापर होतो. तेच माप आज बाटलीवर अभिमानाने छापलेले पाहून मला वाईट वाटले.

घटकांपैकी लोहाने मला सर्वांत जास्त विचारात पाडले. आपल्या देशात रक्तक्षय किती आहे हे कोणापासून लपलेले नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पाळी जाण्याआधीच्या काळात अनेकींना अंगावरून फार जाते, आणि त्यांना लोह हवेच असते. परंतु पाळी थांबली की दर महिन्याचे रक्त जाणेही थांबते आणि शरीरातील लोहाचा साठा (तो फेरिटिनच्या चाचणीत दिसतो) वाढू लागतो. मोकळे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल हे अत्यंत घातक मूलक तयार करते. ज्या बाटलीने ऑक्सिडीकरणाशी लढण्याचे वचन दिले आहे, तिच्यातच हिमोग्लोबिन न तपासता सरसकट सगळ्यांना लोह दिलेले आहे. ज्या बाईला ते हवे तिला यातले प्रमाण पुरेल की नाही याचा पत्ता नाही, आणि जिला नको तिच्या पदरी ते उगाच पडते.

ई जीवनसत्त्वाबद्दल उत्तम पुरावा आमच्याच वयाच्या स्त्रियांवरील आहे. अमेरिकेत ४५ वर्षांवरील जवळपास ४०,००० निरोगी स्त्रियांना सुमारे दहा वर्षे एक दिवसाआड ६०० युनिट ई जीवनसत्त्व किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. २००५ साली निष्कर्ष आले तेव्हा हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि कर्करोग यांचे एकूण प्रमाण कमी झालेले दिसले नाही. त्याआधी १९९४ साली फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत तर बीटा-कॅरोटीन हे दुसरे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला होता. २००९ साली तरुण पुरुषांवरील एका लहान अभ्यासात क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांमुळे व्यायामाने इन्सुलिनची कार्यक्षमता सुधारण्याचा लाभच मिळेनासा झाला. मुक्त मूलके थोड्या प्रमाणात शरीराला इशारे देण्याचे कामही करतात, ती सरसकट मारून टाकणे हिताचे असतेच असे नाही. या अभ्यासांतले पुरुष आमच्यासारखे नाहीत हे मला मान्य आहे, पण ‘नैसर्गिक आहे, नुकसान तर होणार नाही’ हे वाक्य शिबिरात ज्या सहजतेने उच्चारले गेले, तेवढे ते सोपे नाही.

बायोटिनचा अनुभव मला प्रत्यक्ष आला. कुडाळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी थायरॉइडची चाचणी लिहून देताना मी आणखी काय घेते असे विचारले, मी बाटली पुढे केली, आणि त्यांनी काही दिवस ती बंद ठेवून मगच रक्त द्यायला सांगितले. रक्तात बायोटिन जास्त असेल तर काही पद्धतींच्या चाचण्यांत थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात आणि नसलेला आजार असल्यासारखा दिसतो. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीतही अशी गफलत होऊ शकते, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. ही कॅप्सूल घेणाऱ्या प्रत्येक बाईने रक्त देण्यापूर्वी हे सांगितले पाहिजे. शिबिरात कोणी त्याचा उल्लेखही केला नाही.

गुण आला का? मी रोज सकाळी दिनदर्शिकेवर रात्रीच्या वाफांचे ठिपके मांडत होते. शिबिरापूर्वीच्या आठवड्यात रोज सहा-सात, पहिल्या महिन्याच्या शेवटी पाच, दुसऱ्या महिन्याच्या शेवटी पुन्हा सहा. पाचवर आल्याचा मला मनापासून आनंद झाला होता. पण वाफांवरील औषधांच्या चाचण्यांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्या स्त्रियांतही वाफा लक्षणीय घटतात, हे नंतर डॉक्टरांनी सांगितले, आणि माझे ठिपके त्याहून वेगळे काही सांगत नव्हते.

एवढेच असते तर पैसे वाया गेले म्हणून मी गप्प राहिले असते. हे परीक्षण लिहिण्याचे कारण माझ्या थोरल्या जाऊबाई आहेत. त्या चौपन्न वर्षांच्या, पाळी जाऊन दोन वर्षे झालेली. त्यांनीही माझ्यासोबत संच घेतला होता. दुसऱ्या महिन्यात त्यांच्या अंगावरून रक्त जाऊ लागले. त्यांनी बाटलीवरच्या क्रमांकावर फोन केला, तर पलीकडच्या समुपदेशिकेने, ताई, शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडत आहेत, कॅप्सूल मुळीच बंद करू नका, असे सांगितले. जाऊबाईंनी तीन आठवडे कोणाला काही कळू दिले नाही. मला त्यांच्या धुण्याच्या बादलीवरून संशय आला. “माका वाटलां, पाळी परत लागली असतली,” एवढेच त्या मान खाली घालून म्हणाल्या.

रक्तस्राव त्या कॅप्सूलमुळे झाला असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. परंतु रजोनिवृत्तीनंतर, म्हणजे पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर, एक थेंब जरी रक्त दिसले तरी ते तपासून घ्यावे लागते, कारण काही स्त्रियांत ती गर्भाशयाच्या आतल्या आवरणाच्या कर्करोगाची पहिली खूण असते आणि लवकर सापडला तर हा कर्करोग बहुधा पूर्ण बरा होतो. सोनोग्राफीत ते आवरण ४ मिलिमीटरहून जाड दिसले तर त्याचा नमुना काढून पाहतात. जाऊबाईंचे ते ९ मिलिमीटर होते. नमुन्याचा अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस आमच्या घरात कोणी धड जेवले नाही. सुदैवाने तो साधा मस (पॉलिप) निघाला, काढून टाकला, आणि त्या आज बऱ्या आहेत. ‘विषद्रव्ये बाहेर पडत आहेत’ या वाक्यासाठी मी त्या सेवेला क्षमा करू शकत नाही. ते वाक्य ऐकून आणखी किती बायका घरी बसून राहिल्या असतील, हा विचार मला अजून छळतो.

कोकमाबद्दल दोन शब्द लिहिणे मला भाग आहे, कारण बाटलीवर ते वापरूनच आम्हाला आपलेसे करण्यात आले. उन्हाळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून, बिया काढून, साले रसात बुडवून उन्हात वाळवायची आणि पुन्हा बुडवायची, ही पुटे देण्याचे काम मी लहानपणापासून करते आहे, आणि त्या दिवसांत बोटांना चढलेला लाल रंग कित्येक दिवस जात नाही. तो रंग अँथोसायनिनचा. सालीतील गार्सिनॉल हेही परीक्षानळीत उत्तम अँटिऑक्सिडंट ठरते. पण परीक्षानळीतल्या गुणामुळे रजोनिवृत्तीचे त्रास जातात असे कोणत्याही चांगल्या चाचणीने दाखवलेले नाही, आणि ५० मिलिग्रॅम अर्क म्हणजे चिमूटभरही नव्हे. ज्यांना कोकम हवे त्यांनी बचत गटाच्या बाईकडून आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली घ्यावी, नारळाच्या रसात घालून सोलकढी करावी आणि चवीसाठी प्यावी. आगळात मीठ भरपूर असते, आणि पाळी गेल्यानंतर रक्तदाब वाढण्याची प्रवृत्ती असते, म्हणून हात राखून. हाडांसाठी विचाराल तर आमच्या शिवारातली नाचणी अधिक उपयोगाची आहे. तिच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि रजोनिवृत्तीनंतर दिवसाला १,२०० मिलिग्रॅम हवे, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे.

माझ्या वाफांचे पुढे काय झाले तेही सांगते. डॉक्टरांनी रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड पाहिले, स्तनांची तपासणी केली, घरात कोणाला कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का हे विचारले आणि मग संप्रेरकांच्या उपचाराविषयी समजावून सांगितले. २००२ साली अमेरिकेतील १६,००० हून अधिक स्त्रियांवरील मोठी चाचणी मध्येच थांबवली गेल्यापासून या उपचाराची भीती पसरली. पण त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, इतर धोके नसलेल्या बाईसाठी वाफांवर याहून परिणामकारक उपाय नाही, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर तो देत नाहीत, आणि हे प्रश्न शिबिरात कोणी विचारलेच नव्हते, हे डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसल्यावर मला प्रथम जाणवले. मला एकोणपन्नासाव्या वर्षी, गर्भाशय असल्यामुळे, कमी मात्रेचे इस्ट्रोजेन प्रोजेस्टेरॉनच्या जोडीने दिले आहे. दिनदर्शिकेवर आता आठवड्याला दोन-तीन ठिपके असतात आणि मी रात्रभर झोपते.

शिल्लक राहिलेली, सील न फोडलेली बाटली परत घेण्यास कंपनीने नकार दिला. पावतीवर तपासणीचा उल्लेखही नव्हता, फक्त ‘हेल्थ सप्लिमेंट, ३ नग’ एवढेच होते. तपासणीला माझ्याकडून शून्य गुण, कॅप्सूलला शून्य, आणि फोनवरच्या सल्ल्याला त्याहूनही खालचे काही असेल तर ते.

नारळी पौर्णिमेनंतर शेजारच्या गावात तेच शिबिर ठरले आहे. तेथील महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी मला विचारले, तेव्हा मी त्यांना सांगितले की बायका जमवायची तयारी झालीच आहे तर मोडू नका. उपकेंद्रातल्या आशाताईंना आणि आरोग्यसेविकेला बोलवा. तीस वर्षांवरील प्रत्येकीचा रक्तदाब, साखर, स्तन आणि गर्भाशयमुख यांची प्राथमिक तपासणी सरकारी कार्यक्रमात विनामूल्य आहे. आणि कांडीच्या टेबलाऐवजी एक पडदा लावलेला कोपरा ठेवा, जिथे रक्त जाते आहे असे एखादीला हळूच सांगता येईल. अध्यक्षबाईंनी होकार दिला आहे, आणि त्या कोपऱ्यात त्या दिवशी जाऊबाई बसणार आहेत.